फळ्याचा डावा कोपरा

लेसोथोच्या डोंगरात आमची शाळा :
चार खोल्या, पत्रा, आणि घंटा म्हणून
मोडक्या नांगराचा फाळ.
थंडीत पोरं घोंगडी पांघरूनच बसतात,
काही तर थेट मेंढ्या सोडून आलेली.

त्सेको, वय आठ,
माझ्या वजाबाकीच्या ऐन मध्यात म्हणाला,
"न्ताते, धुराची सावली पडते,
मग धुक्याची का नाही पडत?"
"पुस्तकात बघ," मी म्हणालो.
पुस्तकात नव्हतं.
नव्हतं हे मला माहीत होतं,
आवाज चढला होता, तेही.

दारात आमच्या मुख्याध्यापिका, म्मे लिनेओ.
हापसा बिघडलेला, म्हणून हातात झऱ्याची बादली.
बादली खाली ठेवली, खडू मागितला,
फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात प्रश्न लिहिला
त्याच्याच शब्दांत, खाली त्याचं नाव.
"हे पुसायचं नाही."
आणि बादली उचलून गेल्या.

शुक्रवारच्या बैठकीत
मी बोलणी खायच्या तयारीनं बसलो.
त्या म्हणाल्या, "धुक्याचं मला ठाऊक नाही.
तुमच्यापैकी कुणाला?"
शेगडीतलं शेण तेवढं तडतडलं.
"एकवीस वर्षं या खुर्चीत आहे,
'ठाऊक नाही' आज पहिल्यांदा म्हटलं.
जीभ काही झडली नाही."

मग एका सकाळी धुकं उतरलं.
त्यांनी स्वतः फाळ बडवला : सगळे बाहेर!
पलेसा म्हणाली, "धुकं हीच सावली आहे,
आपण तिच्या आत उभे आहोत."
त्सेको म्हणाला, "मग कुणाची?"
दोघं भांडत राहिली.
मी मध्ये पडणार होतो.
म्मे लिनेओंनी माझी बाही धरली,
घट्ट.

तपासनीस आले. शेरा मारला : फळा अस्वच्छ.
त्यांनी खाली सही केली, वळणदार,
आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, साहेब?
धुक्याची सावली?"
साहेबांनी पेनाला टोपण लावलं,
काढलं,
पुन्हा लावलं.
खिडकीबाहेर बराच वेळ बघत होते.
त्या दिवशी ऊन होतं नेमकं.

कोपरा आता फळ्याच्या मध्यापर्यंत आलाय.
मेंढीला स्वप्नं पडतात का.
शून्याला आधी कुणी घाबरलं असेल का.
त्सेकोचा प्रश्न अजून सगळ्यात वर,
खडू फिकटला की तोच गिरवतो.

वजाबाकी
मी उजवीकडे
बारीक अक्षरात लिहितो.