दुसरा शर्ट

मार्चात रुजू झालो तेव्हा बऱ्हाटे साहेबांनी
एक शर्ट दिला. एकच.
"नव्वद दिवस टिकला, तर दुसरा."
शर्टाबद्दल बोलत होते की माझ्याबद्दल,
विचारायचं धाडस झालं नाही.

पहिल्या आठवड्यात पत्त्यांनी हरवलं.
पाण्याच्या टाकीजवळ: टाक्या तीन.
मारुतीच्या मागे: देवळाला मागची बाजूच नाही,
चारी अंगांनी रस्ता.
लाईनच्या पलीकडे: भुसावळात पलीकडे म्हणजे कुठे,
ते तुम्ही उभे कुठे आहात त्यावर.
मोबाइल म्हणतो उजवीकडे वळा,
उजवीकडे नाला.
एक बाई फोनवर म्हणाली,
"कोनालेबी विचार ना भो, सारे वयखता आम्हाले."
सहा जणांना विचारलं.
कोणीही ओळखत नव्हतं.

मग ऊन आलं.
सीटवर ओला पंचा, स्टिअरिंगवर पाण्याचा हबका,
मागचं दार उघडलं की भट्टीचं तोंड.
हलिमा रात्री शर्ट धुते, दोरीवर टाकते,
अर्ध्या तासात पापडासारखा कडक.
काखेतलं मीठ तरी निघत नाही.
"घाम तुझा नोकरीपेक्षा पक्का आहे," म्हणते.

तेविसाव्या दिवशी, रेल्वे क्वार्टरच्या गल्लीत,
गाडी मागे घेताना फाटकाचा बोल्ट लागला.
वीतभर ओरखडा, पांढऱ्या पत्र्यावर.
शाळेसमोरच्या दुकानातून व्हाइटनर आणलं,
उकिडवा बसून भरत गेलो,
पोरानं चुकलेलं गणित बुजवावं तसा.
संध्याकाळी साहेब गाडीभोवती फिरले.
तिथंच थांबले. नखानं खरवडलं.
काही बोलले नाहीत.
बोलले असते तर जेवलो असतो.

आम्ही चार जण एकदम लागलो होतो.
एक दुपारी गाडी निंबाखाली लावून झोपला, तिथूनच घरी गेला.
एक मेव्हण्याकडे सुरतेला.
भोळ्यांचा विनू आमच्यात सगळ्यांत चांगला चालवायचा,
कुत्र्याला वाचवता वाचवता दुभाजकावर चढला.
साहेबांनी हात पुढे केला, त्यानं किल्ली ठेवली.
कुत्रं अजून तिथंच असतं.
मला बघून भुंकतं.

सपकाळे गार्ड रिटायर होऊन नऊ वर्षं झाली,
सहीखाली अजून वेळ टाकतात: १४:०७.
"दोनच्या सुमारास" हे त्यांना चालत नाही.
कधी गुडघ्याचा पट्टा, कधी टॉर्च, कधी टॉर्चचा पट्टा.
आतून काकू ओरडतात, आता आणखी काय आलं?
ते ओट्यावर उभे राहून गाडी निघेपर्यंत बघतात.
"मी कायम शेवटच्या डब्यात," एकदा म्हणाले,
"पुढे काय चाललंय ते मला कधी दिसलंच नाही.
पण मागचं विचार.
तुझं डावं मागचं चाक बसलंय."
बसलं होतं. बोटाएवढा खिळा निघाला.
पंक्चरला चाळीस मिनिटं, सतरा पार्सलं परत,
स्क्रीनवर सतरा लाल रेघा.
तरी त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं
की या गावात माझ्या गाडीकडे
कोणीतरी बघतंय.

नव्वदावा दिवस रविवार निघाला.
सुट्ट्या मोजायच्या की नाही,
मी मोजल्या होत्या, त्यांनी मोजल्या की नाही,
रात्रभर पंख्याकडे बघत बोटं घातली.

सोमवारी साहेबांनी ड्रॉवरमधून पिशवी काढली.
"तडवी, माप तेच ना?"
हो म्हणालो.
कंबर दोन इंच उतरली होती, ते सांगितलं नाही.
"आणि ते व्हाइटनर गाडी धुतली की जातं.
पुढच्या वेळी लागली तर सांगायचं."
पुढच्या वेळी, म्हणाले.

आज सात वाजले,
दोरीवर शर्ट वाळतोय, बाही अजून ओली.
मी चहा घेतोय.
त्याच्याकडे बघत नाही.