अडकण्याचा मोसम

ट्रॅव्हल्सवाल्या भूषण फिरकेनं
टेबलावर अंदमान पसरलं,
पेनाच्या टोकानं महिने मोजले.
"काकू, डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.
समुद्र कसा, परातीतल्या पाण्यासारखा."

डिसेंबरात कसं जमेल, बाबा?
तेव्हा बामणोदची वांगी येतात,
दर रविवारी मळ्यात कुणाची तरी भरीत पार्टी,
तुराट्यांचा जाळ, बडगीतला ठेचा,
आणि पुऱ्या तळायला मी.

"मग एप्रिल-मे?"
एप्रिलात उडदाचे पापड.
आखाजीला दोघी लेकी, चार नातवंडं,
कूलरमध्ये पाणी ओतायचं
दिवसातून तीनदा.

तो हसला. "राहिला पावसाळा.
रेट निम्मा, पण उगाच नाही निम्मा.
लाटा चढतात, बोटी बंद.
मागच्या साली आपलंच एक जोडपं
पाच दिवस अडकलं लहानशा बेटावर.
फोन लागेना, परतीचं तिकीट वाया,
नुसते खिडकीत बसून नारळ बघत होते बिचारे."

शेजारी हे चष्मा पुसत होते,
मघापासून तीच एक काच.
मी विचारलं, स्वयंपाक कोण करायचं?
"हॉटेलवाले, काकू. दुसरं कोण?"

पाच दिवस.

बाहेर भुसावळ स्टेशनावर
कुठल्या तरी गाडीला अडीच तास उशीर होता
आणि बाई पुन्हा पुन्हा खेद व्यक्त करत होती.

कानबाई उठली की लगेचचं काढ, म्हटलं,
ऑगस्टचा शेवटचा आठवडा.
आणि ते लहानसं बेट,
त्याचं नाव लिहून दे कागदावर.
मोठ्या अक्षरात लिही.
यांना दिसत नाही.