तीन टोले

किट्वेजवळची तांब्याची खाण बंद होऊन आठ महिने.
चिलेक्वा अजूनही पहाटे चारला उठतो,
लिव्हर शोधत हात अंथरुणभर फिरतो.

सव्वीस वर्षं पाळणा वर ओढला त्यानं.
एक टोला: थांब.
तीन टोले: आत माणसं आहेत, हळू घे.

पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री चर्चमध्ये वीज नाही.
शिलाई मशीन विकून बसलेली कासुबा
एकच मेणबत्ती सुरीनं चौघांसाठी कापते.
पाळकांचाही पगार थकलाय; ते कबरेबद्दल
फार सांगत नाहीत,
अंधार सगळ्यांच्याच ओळखीचा.

मग कुणा पोरानं घंटा वाजवली,
त्याला काय ठाऊक,
तीनदाच.

चिलेक्वाची मूठ आपोआप आवळली.
हळू,
दोराला वजन लागलंय.