साका

बाटलीवर डाउवेचं अक्षर: मार्च १९९१,
पॉलिस्टायरीन, तुकडी सात. हलवू नका.
शेवटचे दोन शब्द कुणासाठी होते
हे माझ्याखेरीज आता कुणाला ठाऊक नाही.

इमारत पाडणार आहेत, मीही निवृत्त.
कपाट रिकामं करताना
ग्रोनिंगनच्या फिकट उजेडात बाटली धरते:
कडेला किंचित निळसर, आत दूध,
तळाशी काही नाही.
तेहेतीस वर्षांत एकही कण दुसऱ्याला शिवलेला नाही.

त्यांना एकमेकांची ओढ नाही असं नाही.
आहेच, आणि एकदा जवळ गेलं की सुटका नाही अशी.
पण प्रत्येकाच्या अंगावर तोच ऋण भार,
त्यामुळे वाटेत चढ लागतो.
येतात, चढाशी थबकतात, माघारी वळतात.
डाउवे म्हणायचा, हिल्त्ये,
आपण याला स्थैर्य म्हणतो,
खरं तर हा नुसता उशीर.

मी तेव्हा प्रथिनांवर होते.
गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, बर्फाच्या डब्यातून.
कण दिसला की ते येऊन टेकतं,
आधी पाहुण्यासारखं, घडी न मोडता.
मग तासाभरात ऐसपैस होतं,
आतली पाणी न सोसणारी बाजू कणाकडे वळवतं,
आपला मूळ आकार विसरतं.
मग कितीही धुवा.
एक हात सुटतो तोवर नऊ धरून असतात,
आणि सुटलेला हात पुन्हा जागा शोधतो.
वहीत त्याचा आलेख आहे: चढतो, मग सपाट.
सपाट भागाबद्दल मी कधी काही लिहिलं नाही.

लेप चढलेल्या कणांत मी मीठ घातलं,
चिमूटभर, मग चमचाभर.
ढिम्म.
डाउवेचे उघडे कण त्याच मिठाने
कॉफी निवायच्या आत नासले:
गुठळ्या खाली, वर निवळ पाणी.
तो काही बोलला नाही. पेला धुवायला घेतला.

निबंधावर कुणाचं नाव आधी, एवढ्यावरून.
आता सांगायलाही लाज वाटते.
पुढे अकरा वर्षं एकाच बोळात,
तो खिडकीच्या बाजूने, मी भिंतीच्या.
मला बाटल्या हलवून बघायची खोड होती;
त्याने ती चिठ्ठी लावली, समोरासमोर सांगितलं नाही.
मीही लेप चढवून घेतला होता,
मीठ लागत नव्हतं.

फेब्रुवारीत त्याच्या मुलीचा फोन आला.

माझे वडील उत्तरेच्या किनाऱ्यावर
काटक्यांचे बांध घालायचे.
नदी गढूळ येते, समुद्राशी गाठ पडते,
आणि मिठाच्या पहिल्या चवीला
चिकणमाती एकमेकींना धरून खाली बसते.
दोन बांधांमध्ये वर्षाला बोटभर.
मग त्यावर गवत, मग मेंढ्या, मग आमचं घर.
मी शिकले ते सगळं
माती बसू नये म्हणून होतं.
राहिले मात्र बसलेल्या मातीवर.

रविवारी तिथून बरणीभर पाणी आणलं.
बाटली तिकडे नेली नाही;
प्लास्टिक आहे, समुद्रात ओतायचं नसतं,
तो नियम मीच टाइप केला होता.

मोजपात्रात अर्धं दूध, अर्धा समुद्र.
क्षणभर काही नाही.
मग दुधाला कणी आली,
आधी शंका यावी इतकी बारीक,
मग पिसं,
सावकाश, एकमेकांत अडकत
खाली.

खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं.
पात्र थरथरलं, साका नाही.
उरलेल्या बाटलीचं झाकण घट्ट केलं,
वहीत तारीख घातली, वेळ घातली,
पहिल्या नावाच्या जागी त्याचं नाव.
वर पाणी निवळायला लागलं होतं.
टेबलावर हात ठेवून बसून राहिले.
हलवलं नाही.