उघाडी

ओहोटीला आपोआप उघडते, भरतीला मिटते.
खारं पाणी जितकं रेटेल तितकी घट्ट बसते.
लाकडाची फळी ती. कुणी शिकवलं नाही तिला
आत काय ठेवायचं, बाहेर काय.

सातखारला पहिली सात घरं
दोन होड्यांतून आली, खोताची वेठ मागे टाकून.
ठाण्याच्या खाडीत, घणसोलीच्या खाली,
तेव्हा इथे जमीन नव्हती.
चिखल होता, तिवरं, निवट्या,
आणि गुडघ्याएवढं आकाश.
त्यांनी चिखलाचे गोळे हातोहात दिले चार वर्षं
आणि समुद्राला एक रेघ ओढून दाखवली.
पहिलं भात खारट निघालं. दुसरंही.
तिसऱ्या साली जेवताना कुणीतरी मीठ मागितलं
आणि अख्खी पंगत रडली, म्हणे.

यातलं काहीच कागदावर नाही.
वॉर्ड ऑफिसात, खोली नंबर चारमध्ये,
नष्ट करायला आलेल्या गठ्ठ्यात मला मिळाला तो
ठराव क्रमांक सतरा, निळ्या शाईतला:
'सदर गाव कोणत्याही महानगरपालिकेत नाही.
कोणत्याही प्राधिकरणात नाही.
गाव जोळात आहे.'
सूचक पदू हाशा मढवी.
अनुमोदक बायजाबाई केणी, अंगठा.
खाली सरपंचाची सही, माझ्या बापाची,
शेवटच्या अक्षराला नको तेवढा फराटा.

अकरा दिवस सातखार स्वतंत्र होतं.
मोरीवर आडवा ओंडका, पलीकडे पोलिसांची जीप,
अलीकडे रात्रपाळीला बायका,
कारण बायकांवर लाठी उगारताना साहेब दोनदा विचार करतो
असा आमचा हिशेब.
लाइन तोडली त्यांनी, आम्ही रॉकेल जाळलं.
शाळा भरत होती. पदूकाकाने तर
पोस्टाचं तिकीट काढलं पेन्सिलीने,
जिताड्याचं चित्र, किंमत एक रुपया.
मी नऊ वर्षांची. मी ते चाटून पाहिलं.
गोंद नव्हता त्याला.

सहाव्या दिवसाचं इतिवृत्त मात्र
मी परत परत वाचते आहे.
बांधाबाहेरच्या झोपड्यांतला बारक्या वाघे
सभेला आला होता. म्हणाला,
बांधाला चिखल आमी पन लावताव,
मंग आमचा बी हात मोजा.
त्यापुढे बापाच्या अक्षरात एकच ओळ:
'विषय पटलावर नाही.'

आमच्या होड्या लागल्या तेव्हा
खाजणात कुणाचा तरी पाग वाळत होता, म्हणे.
हे 'म्हणे' पंगतीत कुणी सांगत नाही.

बाराव्या रात्री उधाण आलं आणि खांड पडली.
थाळी वाजली, ओंडका तिथेच टाकून
गाव बांधाकडे धावलं.
तिथे आधीच कंबरभर पाण्यात
वाघ्यांची माणसं पाठीला पाठ लावून उभी होती,
पोरांसकट.
पहाटेपर्यंत गोळे फिरत राहिले
या हातातून त्या हातात, कुणाचा कोणता कळत नव्हतं.
तेवढ्यात मोरीवरून प्रशासक आत आला,
बूट हातात घेऊन, सोबत दोन हवालदार.
दप्तर उचललं, शिक्का उचलला.
कुणी अडवलं नाही.
कुणाचे हात मोकळे नव्हते.

आता तिथे पंचवीस मजले आहेत.
बाप सोळाव्यावर राहतो, उधाणाच्या दिवशी फोन करतो,
'बांद धरला का गो?'
मी म्हणते, धरला.
वाघे कुठे गेले, त्याची फाइल
या गठ्ठ्यात नाही. दुसऱ्याही नाही.

ठराव सतराच्या खाली, बायजाबाईच्या अंगठ्याशेजारी
मी पेन्सिलीने लिहिलं: बारक्या वाघे, अनुमोदक.
मग वरून महानगरपालिकेचा शिक्का मारला, तारीख घातली,
गठ्ठा सुतळीने बांधला
आणि खाली पाठवून दिला.

कागद कापायचं मशीन तीननंतर चालू होतं.
भरतीही आज तीनचीच आहे.