घडी

पाटणकर बाजारातल्या दुकानात अकरा वर्षं
चंदेरी साड्यांच्या घड्या घातल्या, म्हणून
महाराजपुऱ्याच्या धावपट्टीवर मला नोकरी लागली.
गोऱ्या साहेबानं काही विचारलं नाही, फक्त हात पाहिले.
रेशीम तसंच. काठ नसलेलं, पदर नसलेलं,
वर पांढरं आभाळ, चोवीस दोऱ्या,
खाली माणूस.

माणसं पोलिश होती.
लश्करमध्ये कुणाला पटेना.
'पॉलिशवाले?' न्हावी विचारायचा, 'बुटांचे?'
नकाशावर ते आपला देश दाखवत
तेव्हा तो त्यांच्याच बोटाखाली झाकून जाई.

पहाटे साडेचारला इंजिनं खोकायला लागत.
दहानंतर पत्र्याला हात लागला तर कातडी सोलून निघे,
म्हणून चढणं, उलटणं, तिघांनी एका दोऱ्यात ओवल्यासारखं वळणं,
सगळं न्याहारीच्या आत.
दुपारी अंधाऱ्या खोलीत
शत्रूच्या विमानांच्या काळ्या आकृत्या ओळखायच्या,
नाहीतर लाकडी पेटाऱ्यात झाकण लावून बसायचं
आणि न उडता उडायचं.
श्चिगेल त्यातून घामाघूम निघायचा. म्हणायचा,
'आज समुद्रात पडलो.'
ग्वाल्हेरात समुद्र!

संध्याकाळी नेमबाजीचं कापड जमिनीवर पसरायचं,
एका विमानानं आभाळभर ओढत नेलेली लांब पिशवी.
ज्याच्या त्याच्या गोळीला वेगळा रंग.
गुडघ्यांवर बसून ते भोकं मोजत:
येदेन, द्वा, त्शी, च्तेरी.
मी सुई हातात घेऊन थबकलो.
द्वे, त्रीणि, चत्वारि.
पहिला आकडा परका, पुढचे आमच्या भटजींच्या ओळखीचे.
निळी भोकं श्चिगेलची,
नेहमी सगळ्यांत कमी.

एकदा त्यानं माझं नाव विचारलं.
मुंगी, म्हणालो.
म्हणजे काय? धावपट्टीच्या कडेला रांग चालली होती,
दाखवली.
इतका हसला की टोपी पडली. 'म्रुव्का!'
तेव्हापासून सगळ्यांचा मी म्रुव्का.
त्याच्या नावातही एक पाखरू होतं म्हणे, चिमणीएवढं,
लाल तोंडाचं, काटेरी फुलांवर बसणारं, घराच्या कुंपणाशी.
घराबद्दल बोलला ते एवढंच.
त्याला पत्रं येत नसत.

प्रत्येक घडीनंतर वहीत लिहायचं:
छत्रीचा क्रमांक, तारीख, कृ. ना. मुंगी.
दुकानात घडी घालत ती उघडण्यासाठी.
इथे रोज देवाला सांगायचो,
माझं काम कुणी कधी
उघडून पाहू नये.

मार्चमध्ये सतरा नंबर उघडली.
भिंडकडच्या घळींवर इंजिन बंद पडलं होतं.
दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, फाटकाशी बैलगाडी आली.
हरभऱ्याच्या पेंढ्या, पेंढ्यांवर श्चिगेल,
एक पाय फळीला बांधलेला,
मांडीवर रेशीम. कुणा गावच्या बाईनं
काटे वेचून, धुऊन, वाळवून
लुगड्यासारखी चौपदरी घडी घालून दिलेली.
साफ चुकीची घडी.
त्यानं ती माझ्या हातांवर ठेवली,
कपाळाला दोन बोटं लावली
(त्यांचा सलाम दोनच बोटांचा),
मग वही मागितली
आणि माझ्या सहीशेजारी सही केली.
तशी रीत नव्हती. साहेब रागावला.

जूनच्या आत ते सगळे गेले.
कुठे, हे सांगायची परवानगी नव्हती.
कापडाच्या त्या पिशवीवर
निळ्या कडांची सात ठिगळं राहिली, माझ्या टाक्यांची.

मी पुन्हा दुकानात.
कुणी म्हणतं, 'ती खालची हो, जांभळी, जरा उघडून दाखवा.'
हात घडीवर तसाच राहतो.
मालक खाकरतो.
मग उघडतो. काठ, बुट्टी, पदर.
बाई म्हणते, नको, दुसरी.