दुसऱ्या सीडीतला ओरखडा

तरन्नुम निझामाबादेत, मी परभणीत.
रात्री दहाला दोघींनी एकदम बटण दाबायचं ठरलं.
तिचं नेट हळू. तिचा हिरो
माझ्या हिरोच्या अडीच सेकंद मागून कॉलेजात शिरतो,
म्हणून प्रत्येक विनोदाला आधी मी हसते,
मग फोनमधून ती.

बावीस वर्षं झाली.
नानलपेठेतल्या तिच्या घरी, मे महिन्यात,
वाळ्याच्या कूलरसमोर, परातीत सुशीला घेऊन
हा सिनेमा आम्ही एकोणीस वेळा पाहिला.
पहिली सीडी नितळ. दुसरीत
तो पाण्याच्या टाकीवर चढतो, खाली अख्खी कॉलनी जमते,
तो ओरडतो, "हो म्हण, नाहीतर"
आणि तिथं चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे,
तरन्नुम प्लेअरला चापट मारायची,
की एकदम स्कूटर, मोकळा रस्ता, पिवळी ओढणी,
मागं बसून ती हसतेय.

मधली चार मिनिटं आमची आम्ही भरायचो.
तरन्नुमची नायिका जरा भाव खायची.
माझी लगेच हो म्हणायची.

आज कळतं, नायिकेचा बाप,
ज्याला आम्ही मुरमुरे फेकून मारायचो,
माझ्याच वयाचा आहे.
झोपताना कडी दोनदा बघतो. मीही बघते.
चष्मेवाली मैत्रीण, जिच्यावर सगळे हसतात,
ती एकटीच नायिकेला विचारते, "तुला काय वाटतं?"
आणि सीन तुटतो.
हिरो वर्गाबाहेर उभा. बसस्टॉपवर उभा.
तिच्या घरासमोरच्या रसवंतीत उभा.
"इसको कुछ कामच नई क्या गे?"
आम्ही हसतो, अडीच सेकंदांच्या अंतरानं.

हसता हसता मला एक लुना ऐकू येते.
वसमत रोडवर, ट्यूशनपासून गल्लीच्या तोंडापर्यंत,
माझ्या सायकलमागं, ना पुढं जाणारी ना थांबणारी.
मी भ्यायले होते. आणि वाटलं होतं,
सुरुवात अशीच असणार.
भीती ही पहिली सीडी,
दुसरीत आपोआप हसू येईल.
महिनाभर वाट पाहिली हसू यायची.
मग ट्यूशन सोडली. आईला सांगितलं,
लोखंडे सर नीट शिकवत नाहीत.
चांगले शिकवायचे.

टाकी आली.
तो चढला. "हो म्हण, नाहीतर"
आणि चित्र फुटत नाही.

ती खाली उभी, दप्तर छातीशी.
म्हणते, "नाही."
लोक म्हणतात, माय, म्हण की एकदाचं, लेकरू मरंल.
म्हणते, "नाही."
कुणी मावशी तिचा दंड धरते.
कुणी बापाला बाजूला नेतं.
चौथ्या मिनिटाला ती इतकं हळू हो म्हणते
की मला आवाज वाढवावा लागतो.
टाळ्या. स्कूटर. ओढणी.
हे हसू मी आरशात करून बघायचे.

फोनमध्ये अडीच सेकंद काही नाही. मग बराच वेळ काही नाही.
मग, "पिच्छे ले गे जरा."
पुन्हा पाहतो. पुन्हा ती नाही म्हणते, दोनदा, स्वच्छ.

"निकहत अप्पी याद है?
आपण बघायच्या आदल्या रात्री ती एकटी बघत होती.
सकाळी मांडीवर सीडी, हातात सेफ्टी पिन.
मेरेकू लगा पुसतेय."
दुकानदारानं सीडी परत घेतली नाही.
शिवणाच्या पैशातून अप्पीनं एकशे दहा रुपये भरले, म्हणून ती आमची झाली.
जूनमध्ये अप्पीचा निकाह होता.
"कामून केलं असेल?"
"पूछी नई कभी."

सिनेमा पंधरा मिनिटं उरलाय.
कुणीच बंद करत नाही.
मागं-पुढं करताना आमचं अंतर बदललंय,
आता ती पुढं, मी मागं.
आमचं आवडतं गाणं तिच्याकडं आधी लागतं.
ती गुणगुणते.
मी माझ्याकडं ते यायची वाट बघते.